सात नंबरची बिल्डिंग

मोठी बातमी आली का आमच्या पानठेल्यावर "हे काही खरं नोहे" म्हणणारा एक तरी निघतेच, पण तिकडे नेदरलँड्स अन् बेल्जियमचे डच बोलणारे लोकही अमेरिकेतल्या ९/११ च्या विमानहल्ल्याच्या सरकारी अहवालावर अशाच शंका काढतात हे वाचून मले मजाच वाटली बापा. लाडका मुद्दा म्हणजे न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरची सात नंबरची बिल्डिंग, ४७ मजली, तिले विमान धडकलंच नाही तरी त्याच दिवशी संध्याकाळी ५:२० ले खाली बसली. २००६ मधे एक डच माणूस, धंदाच बिल्डिंगा पाडायचा, टीव्हीवर व्हिडिओ पाहून म्हणे हे तं स्फोटकं लावून पाडलं. (विमानं धडकलेल्या जुळ्या टॉवरबद्दल मात्र तो तसं म्हणत नव्हता, ते कोणी फॉरवर्ड करत नाही!)

२००८ मधे अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी तंत्रज्ञान संस्थेनं सांगितलं, आगीनं बीम तापून लांबले, एक मेन कॉलम गेला अन् मंग सगळंच आलं. मले हेच पटते. पण एका फिजिक्सच्या मास्तरनं व्हिडिओवरून मोजमाप काढून त्याइले हटकलं, तवा अंतिम अहवालात सव्वादोन सेकंदाचा फ्री फॉल (म्हणजे खाली काही अडथळाच नसल्यासारखं पडणं) लिहाच लागला. मास्तर आवडला आपल्याले. बाकी विमानंच नव्हती म्हणणाऱ्याइच्या नादी मी लागलो नाही, फुकटचा डाटा जाते.