तुम्ही विचारलंत म्हणून: प्रीमियम वाढला, पॉलिसी ठेवू की सोडू?

न्यू जर्सीत आमच्या वयाची मराठी माणसं जमली की हल्ली हा प्रश्न येतोच. वीसेक वर्षांपूर्वी घेतलेल्या लाँग टर्म केअर इन्शुरन्सचा, म्हणजे म्हातारपणी लागणाऱ्या दीर्घकाळच्या देखभालीच्या विम्याचा, प्रीमियम पुन्हा वाढल्याचं पत्र आलंय, आता काय करायचं? आम्हा दोघांच्या पॉलिसीही त्याच काळातल्या. माझं उत्तर असं: परवडत असेल तर सोडू नका, छोटी करा.

तुमचा राग रास्त आहे. पुष्कळ लोक मधेच पॉलिसी सोडतील, असं कंपन्यांनी गृहीत धरलं होतं. फारच थोड्यांनी सोडली. माणसं जास्त जगली आणि २००८नंतर व्याजदर तळाला गेले. कंपनीला एकट्या तुमचा दर वाढवता येत नाही, पण राज्याच्या परवानगीने तशी पॉलिसी असलेल्या अख्ख्या गटाचा वाढवता येतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या अशाच विमा योजनेतही २०१६मध्ये सरासरी ८३ टक्के वाढ झाली. आणि सत्तरीच्या आसपास नवी पॉलिसी मागायला गेलात तर आधी तुमची तब्येत बघतात.

‘मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आहे की!’ असं म्हणणारे आपल्यात अजून खूप आहेत, याची मला खरंच काळजी वाटते. हॉस्पिटलनंतर नर्सिंग होमचे फार तर १०० दिवस, तेही अटींवर, मेडिकेअर देतं. वर्षानुवर्षं आंघोळ घालायला, कपडे चढवायला, भरवायला लागणाऱ्या माणसाचे पैसे ते देत नाही. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना, देतं, पण शिल्लक जवळजवळ संपल्यावर. ज्यांची पुंजी मुळातच लहान आहे आणि प्रीमियमसाठी घरखर्चाला कात्री लागते, त्यांनी पॉलिसी सोडली तर मी अडवणार नाही.

बाकीच्यांनी पत्रातला वाढीचा आकडा बाजूला ठेवून आधी पॉलिसीची आजची किंमत काढावी. २० वर्षांपूर्वी देखभालीसाठी रोजचे १५० डॉलर मिळतील अशी पॉलिसी घेतली असेल आणि ही रक्कम दर वर्षी ५ टक्के चक्रवाढीने वाढवणारा रायडर (जोडकलम) असेल, तर आज ते रोजचे जवळपास ४०० झाले आहेत, म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार. २०२४मध्ये नर्सिंग होममधल्या स्वतंत्र खोलीचा देशातला मध्यम खर्च वर्षाला सुमारे १ लाख २८ हजार होता. हा हिशेब मांडला आणि आमचा निर्णय तिथेच झाला. आजवर वाढलेली रोजची रक्कम तशीच ठेवून तिची पुढची वाढ कमी करून घेतली आणि आयुष्यभराऐवजी पाच वर्षांचं संरक्षण घेतलं. प्रीमियम बराच खाली आला. असे पर्याय पत्रात असतात, पण मागच्या पानांवर. प्रीमियमची वाढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली असेल तर आणखी एक वाट असते: पुढे काही न भरता, आजवर भरलेल्या प्रीमियमइतकं संरक्षण टिकवायचं. सोडायचीच असेल तर निदान याबद्दल विचारून सोडा. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची मोफत सल्लासेवा आहे. तिथली माणसं काहीही विकत नाहीत.

‘मुली-सुना बघतील’ हेही ऐकते. माझी लेक बघेल, मला शंका नाही. पण नोकरी सोडून तिने मला उचलावं, बसवावं, हे मला नको आहे. तिने शेजारी बसून गप्पा माराव्यात, उचलायला पगारी माणूस असावा.

म्हातारपणी पुण्याला परतायचा विचार असेल तर मात्र पॉलिसीतलं परदेशाचं कलम आजच वाचा. अनेक पॉलिसी अमेरिकेबाहेरच्या देखभालीचे पैसे देतच नाहीत, काही थोडेच देतात. जायचं नक्की असेल तर माझा वरचा सल्ला तुम्हाला लागू नाही.

आणि ठेवणार असाल तर एक फॉर्म लगेच भरा. हप्ता चुकला तर पॉलिसी बंद होण्याआधी कंपनीने आणखी कुणाला कळवायचं, ते नाव त्यात देता येतं. स्मृतिभ्रंश सुरू झालेला माणूस नेमकं बिल भरायलाच विसरतो, आणि पॉलिसीची खरी गरज तेव्हाच असते. आम्ही लेकीचं नाव दिलंय.