पाण्याची पाळी

रविवार, रात्री दहा

गच्चीवर लिहीत बसलेय. पत्र्याच्या खोलीत अजून भट्टी आहे. खालून आईच्या मशीनचा आवाज येतोय. जूनच्या आधी शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर येतं, त्यामुळे मार्चपासून तिची पाठ नीट जमिनीला टेकत नाही.

जानेवारीतली गोष्ट लिहायची राहून गेली होती, ती आज लिहिते.

आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा म्हणजे माझा जीव. बाराबंदी घातलेली माणसं तो उंच नंदीध्वज कंबरेच्या पट्ट्यावर तोलत येतात, सातही नंदीध्वज एकामागून एक जातात, 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' असा गजर होतो आणि दरवर्षी माझा घसा दाटून येतो. या वेळी मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मला काहीच झालं नाही. मैत्रिणीनं हात धरून पुढं ओढलं तेव्हा मनात आलं, कशाला? त्या रात्री मी मनाची समजूत घातली, की आपण आता मोठे झालो, शांत झालो.

ती शांतता नव्हती. मी आटत चालले होते.

एमएस्सी केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष. सकाळी बसनं केगावला विद्यापीठात, पाचपर्यंत प्रॅक्टिकल, सहाला दहावीच्या मुलांची ट्यूशन, जेवण झालं की नेट परीक्षेचा अभ्यास रात्री दोनपर्यंत. त्यात चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी. आमच्या गल्लीत ते पहाटे येतं आणि भरायची पाळी माझी. थकवा मला कळत होता. थकणं आमच्या घरात कुणाला नवं नाही. पण नावडती गोष्ट सोडाच, आवडती गोष्टसुद्धा परकी वाटायला लागली, हे लक्षण आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

कळलं ते आईमुळे. फेब्रुवारीत एकदा बटणं लावता लावता ती म्हणाली, "तू हल्ली धाकट्याशी भांडत नाहीस गं. बरं नाही का तुला?" मी रडायला लागले. का, ते तिला सांगता आलं नाही.

मग वाचलं. बर्नआउट हा शब्द हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं 1974 मध्ये मांडला, तोही न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणारी माणसं, आणि त्यांच्यात स्वतःलाही, पाहून. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये त्याची तीन अंगं सांगितली: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही, आणि तिची व्याख्या नोकरीपुरतीच आहे. माझ्या मते विद्यार्थ्याचा दिवस कामगाराच्या दिवसापेक्षा वेगळा नाही. फक्त आमच्या पाळीला सुटायची वेळ नसते.

मधलं अंग वाचताना गड्डा डोळ्यांसमोर आला.

त्याच आठवड्यात याच गच्चीवरून 14416 ला फोन लावला. ही सरकारची टेलिमानस सेवा, मोफत, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. हात थरथरत होते. पलीकडच्या बाईंनी आधी झोप विचारली, मग जेवण, मग सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. पण कुणीतरी इतक्या साधेपणानं विचारलं, याचाच आधार वाटला. त्या म्हणाल्या, कामाचा भार हलका केल्यावर फरक पडतोय का बघा. दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्यही असू शकतं. मग डॉक्टरांना दाखवाच. मी दाखवलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिनही कमी निघालं. म्हणजे थोडा थकवा मनाचा नव्हताच. हे आधी तपासायला हवं होतं.

बाकीचे बदल लहान आहेत. गाइड सरांना खरं सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी प्रोजेक्टचा एक भाग गाळला आणि तारीख पुढं ढकलली. रात्री दहाचा चहा बंद केला, कारण त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे दोनला आडवी झाले तरी ते अंगात असायचं. ट्यूशनची एक बॅच सोडली. पैशाचं गणित बिघडलंय, हे लपवत नाही. पण झोपेचे सात तास आधी लिहायचे आणि उरलेल्यात अभ्यास बसवायचा, हे मी ठरवलंय. दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं, हे बायोकेमिस्ट्रीच्या पेपरला लिहिणारी मी, स्वतःची झोप मात्र चोरून घेतल्यासारखी घ्यायची.

सर्वांत अवघड गेलं पाण्याचं. मी आईला म्हणाले, परीक्षा होईपर्यंत मला पहाटे उठवू नकोस. ते म्हणताना लाज वाटली, कारण ती तर माझ्याहून दमते. ती लगेच "बरं" म्हणाली, आणि धाकट्याला हाक मारली.

मंगळवार

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठानं चालून आले. अर्धा तास, फोन घरी ठेवून. देवळात दिवे लागले होते, पाण्यात त्यांची रांग हलत होती. बघत उभी राहिले. जानेवारीतला घसा काही लगेच परत आला नाही, पण निघावंसं वाटलं नाही.

घरी आले तर धाकट्यानं पाण्याच्या पिंपावर झाकण ठेवलेलं नव्हतं. चांगलं दहा मिनिटं भांडलो. आईनं मशीन थांबवलं आणि ऐकत बसली.

तिनंही झोपावं म्हणून आता काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. रात्री तिच्याजवळ बसून बटणं लावली, चाळीस शर्टांची.

उद्या पाणी येणार. मी गजर लावलेला नाही.