तीन नंबरचे मास्तर

शुक्रवार, रात्री

शेजारच्या मास्तरांना पन्नास वर्षं झाली. लग्नाला नव्हे, नोकरीलाही नव्हे. अल्फा फाय अल्फा या काळ्या विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजातल्या बंधुमंडळात, घेतलं गेलं त्याला. 1975 च्या वसंतात कॉलेजातली नऊ पोरं एकत्र आत गेली होती. त्यातली सहा आज आहेत आणि उद्या सहाही जण इथे येणार आहेत. आम्हाला जेवायचं बोलावणं आहे. बायको साबुदाणे भिजत घालून झोपलीय.

इकडे अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली तरी फ्रॅटर्निटी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे बिअरची पिंपं आणि रात्रभर दंगा करणारी पोरंच यायची. मास्तरांनी ते डोक्यातून काढून टाकायला लावलं. 1776 मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कॅपा निघाली, तेव्हापासून या ग्रीक नावांची प्रथा पडली. गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटींच्या घरांमध्ये काळ्या मुलाला शिरकाव मिळायचा तो वाढप्याच्या कामापुरता. कॉर्नेल विद्यापीठात 1904-05 साली शिकत असलेले सहा काळे विद्यार्थी पुढच्या वर्षी परत आलेच नाहीत. मग जे होते त्यांनी आधी अभ्यासमंडळ काढलं आणि 4 डिसेंबर 1906 ला सात जणांनी त्याची फ्रॅटर्निटी केली, तीच अल्फा फाय अल्फा. एकेकटं राहिलं तर आपणही गळणार, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

या सातांना ‘ज्युवेल’ म्हणतात. त्यातले व्हर्टनर टँडी न्यूयॉर्क राज्यातले पहिले नोंदणीकृत काळे वास्तुविशारद झाले, जॉर्ज केली त्याच राज्यातले पहिले नोंदणीकृत काळे इंजिनिअर. हेन्री कॅलिस डॉक्टर झाले आणि सातांमध्ये सगळ्यात शेवटी, 1974 मध्ये, गेले. मास्तर आत आले त्याच्या आदल्याच वर्षी. हे सांगताना मास्तरांच्या आवाजात असं काही येतं, की जणू थोडक्यात गाडी चुकली.

शनिवार, मध्यरात्र उलटून

अजून कानात गाणी वाजताहेत. जेवढं आठवतंय तेवढं लिहून ठेवतो.

एका वेळी आत आलेल्यांची मिळून एक ‘लाइन’. उंचीप्रमाणे उभं करायचं, सगळ्यात बुटका पुढे. तो ‘एस’, सगळ्यात उंच शेवटचा तो ‘टेल’, मधल्यांना आकडे. आमचे मास्तर तीन नंबर. सत्तरी ओलांडलेली माणसं अंगणात एकमेकांना आकड्यांनी हाका मारत होती. ‘फोर, बर्फ कुठे ठेवलास?’ मास्तरांच्या नातवंडांनासुद्धा त्यातल्या दोघांची खरी नावं सांगता येईनात.

दुपारी फोटो निघाला. सहाही जण काळ्या-सोनेरी शर्टांत, एकामागे एक, छाती पाठीला चिकटवून. आता गंमत अशी, की चार नंबर पाठीत वाकल्यामुळे दोन नंबरापेक्षाही बुटका दिसतो. फोटो काढणारी नात म्हणाली, जागा बदला. सगळे एका सुरात ‘नाही’ म्हणाले. मेलेल्या तिघांच्या जागा रिकाम्या सोडू या, असं एसनं सुचवलं. टेल वैतागला : तेवढा लांब फोटो कुठल्या फ्रेममध्ये बसणार? शिवाय ते आता ‘ओमेगा चॅप्टर’मध्ये आहेत, तिकडे त्यांची वेगळी लाइन असेल. (गेलेल्या सभासदाला यांच्यात ‘मेला’ म्हणत नाहीत, तो ओमेगा चॅप्टरला गेला असं म्हणतात.) सगळे खो खो हसले आणि चिकटून उभे राहिले.

सहांपैकी एक जण न्यायाधीश होता, एकानं सगळी हयात पोस्टात काढली. पोस्टातल्याची पदवी तेव्हा पैशांअभावी अर्धवट सुटली होती, ती त्यानं पन्नाशी उलटल्यावर पुरी केली. पदवीदानाला बाकीचे सगळे आपापल्या गावांहून गेले आणि सभागृहात इतके ओरडले की त्यांना बाहेर काढायची वेळ आली. आज दिवसभरात न्यायाधीशाच्या बढतीचा किस्सा एकदाही निघाला नाही, ही पदवी मात्र तीनदा निघाली. न्यायाधीश त्या वेळी तळलेल्या माशाच्या ताटल्या विसळत होता.

पण मला खरी भुरळ पाडली ती खजिनदाराच्या वहीनं. खजिनदार म्हणजे फाइव्ह. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी फोनवर यायचं. चुकलं तर पाच डॉलर दंड. आजारपण चालतं, विसरलो चालत नाही. लांबट हिशेबाची वही, पानापानावर रेघा मारलेल्या, न्यायाधीशाच्या नावापुढे सगळ्यात जास्त दंड. त्या दंडातून आणि वर्गणीतून, ओमेगा चॅप्टरला गेलेल्या एकाच्या नातीची कॉलेजची पुस्तकं घेतली जातात. ‘आणि कुणी भरलाच नाही तर?’ मी विचारलं. फाइव्ह माझ्याकडे असा बघत राहिला की मी वडे आणायला उठलो.

आमच्याकडे मैत्री म्हटली की तिला नियम लावणं म्हणजे तिचा अपमान. आमच्या हॉस्टेलचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी फुलं येतात आणि ‘भेटू या रे’ येतं. भेटत कुणी नाही. गेल्या साली एकाची बायपास झाली ती आम्हाला महिन्यानं कळली. जीव लावणारी माणसं आहोत सगळे, त्यात शंका नाही. फक्त वही कुणाकडे नाही.

पाहुण्यांत जांभळ्या कोटातले एक फार वयस्क गृहस्थ होते. जांभळा म्हणजे ओमेगा साय फाय, 1911 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात निघालेली आणखी एक काळी फ्रॅटर्निटी. त्यामुळे बिचाऱ्यांना दिवसभर टोमणे. शिक्षण अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजात. गाव कुठलं विचारलं, मी सवयीनं ‘नागपूरजवळ’ म्हणालो, मग ‘वर्धा’. ते थबकले. ‘वर्धा? डॉक्टर मेझ तिथे गेले होते.’ बेंजामिन मेझ, पुढे मोरहाऊसचे अध्यक्ष झालेले, हेही ओमेगाच. 1936-37 च्या हिवाळ्यात ते गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले होते, आणि पुढे मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्याच हाताखाली शिकले. किंगच्या अंत्यविधीत बोलायची पाळीही मेझ यांच्यावरच आली. माझं गाव एवढ्या आदरानं उच्चारलेलं मी गावातसुद्धा ऐकलेलं नाही. लगेच टेल मागून ओरडला, ‘पण किंग आमचा!’ ते खरंच. बॉस्टनमध्ये डॉक्टरेट करत असताना, 1952 मध्ये, किंग अल्फात गेले.

वॉशिंग्टनमधलं किंगचं स्मारकही याच लोकांनी पुढाकार घेऊन उभं केलं. 1984 मध्ये अल्फाच्या काही सभासदांनी कल्पना मांडली, 1996 मध्ये काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, परवानगी मिळाली, तीस फुटी पुतळा उभा राहायला 2011 उजाडलं. सत्तावीस वर्षं ठराव, वर्गण्या, पाठपुरावा. अनावरणासाठी 28 ऑगस्ट ठरला होता, यांनी बस ठरवलेली, डबे बांधलेले, आणि आयरीन वादळ आलं. समारंभ 16 ऑक्टोबरवर गेला. तेव्हा परत बस. पहिल्या बसचे पैसे बुडाले ते वहीत अजून ‘येणे’ म्हणून दाखवलेत.

सोमवार

आज सकाळी कुंपणापाशी मास्तर भेटले. शनिवारपासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती, ती विचारलीच. एस बोलता बोलता म्हणाला होता, सुरुवातीला आम्ही दहा होतो. दहावा कुठे गेला?

मास्तर जरा वेळ पाइप गुंडाळत राहिले. आत घेण्याआधी पोरांना काय काय सोसायला लावत, त्याबद्दल ते शपथ घातलेली असल्यामुळे बोलत नाहीत, एवढं मला माहीत आहे. त्या मारहाणींत पोरं दगावलीही आहेत. 1990 मध्ये प्रमुख काळ्या फ्रॅटर्निटींनी आणि सोरोरिटींनी (मुलींच्या अशाच संघटनांनी) मिळून ती जुनी उमेदवारीची पद्धत बंद केली. तरी चोरून चालते ती चालतेच. शनिवारी एक जण म्हणत होता, एकत्र सोसलं म्हणून एकत्र राहिलो. मला ते पटत नाही. सोसणं दोन महिन्यांत संपलं, रविवारचे फोन पन्नास वर्षं चालू आहेत. जोडून कशानं ठेवलं ते उघड आहे.

‘तो एका रात्री निघून गेला,’ मास्तर म्हणाले. ‘सामानसुद्धा सकाळी त्याचा भाऊ येऊन घेऊन गेला. आता डॉक्टर आहे. चांगला आहे म्हणतात.’

‘म्हणतात म्हणजे? तुम्ही कुणी बोलला नाहीत?’

‘तो आमच्यातला नाही ना.’ हे ते सहज बोलून गेले, आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी खटकलं असावं. थोड्या वेळानं म्हणाले, ‘लाइनमध्ये तो माझ्या मागे उभा असायचा. तो गेला म्हणून फोर माझ्या मागे आला.’

मी म्हटलं, मास्तर, नंबर शोधायला वेळ लागत नाही, मी शोधून देतो, तुम्ही करा फोन.

ते विचारात पडले. म्हणाले, ‘पहिल्या रविवारी विषय काढतो. फाइव्ह म्हणेल, त्याची पन्नास वर्षांची वर्गणी कोण भरणार?’