बाईंचा डावा पाय

मागच्या हिवाळ्यातली केस आहे, पण अजून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितोय. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बाजूला एका छोट्या गॅरेजात काम करतो, आमच्याकडे बहुतेक जुन्या जर्मन गाड्याच येतात. एक साठीच्या बाई त्यांची बीएमडब्ल्यू घेऊन आल्या. ई ४६ मॉडेल, ३३० सीआय कूपे, २००२ ची, तीन लिटरचं सहा सिलेंडर इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. तक्रार एकच, पहिल्यावरून दुसऱ्यावर टाकताना गाडी झटका देते, थंडीत सकाळी जास्तच. सोबत दुसऱ्या एका गॅरेजचं बिल होतं, क्लच किट नवीन, ड्युअल मास फ्लायव्हील म्हणजे इंजिनचे हिसके शोषणारं जड चाक, तेही नवीन, पाउंडात चार आकडी रक्कम, आणि झटका जिथल्या तिथं. तिथल्या माणसानं शेवटी बाईंना सांगितलं की आता गाडीत काही नाही, तुम्ही पाय कसा सोडता ते बघा.

बाई जन्मभर लोकांना गाडी शिकवत होत्या. क्लच कसा सोडायचा हेच शिकवायचं त्यांचं काम. रिटायर झाल्यावर हौसेनं ही गाडी घेतली आणि वर्षभरात त्यांची खात्री पटली की वयानं आपला डावा पाय गेला, गुडघा डॉक्टरला दाखवून झाला, एक्सरे झाला, काही निघालं नाही तरी मनातलं जाईना.

आमच्याकडच्या नव्या पोरानं सवयीप्रमाणे आधी लॅपटॉप जोडला, एकही फॉल्ट नाही. असणार कुठून? या गाडीच्या क्लचला पेडलवरच्या स्विचशिवाय सेन्सरच नाही, बाकी सगळं ब्रेक ऑइल (क्लचलाही तेच लागतं), सील आणि पाइप. आजकालची पोरं हुशार आहेत पण स्क्रीनवर काही दिसलं नाही तर गाडी चांगली आहे असंच धरून चालतात. मी कोल्हापुरात उद्यमनगरात काम शिकलो, तिथं मिस्त्री आधी गाडी चालवून यायला लावायचे, पाना नंतर.

म्हणून चालवून आलो. चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर फुल रेस दिली, क्लच अजिबात घसरला नाही, म्हणजे प्लेट नीट धरत होती. दुसरा गिअर सावकाश, पाय हळू सोडत टाकला तर लोण्यासारखा. मग रोज चालवतो तसा टाकला, पटकन, आणि तिथं सापडलं. माझा पाय पेडलवरून पूर्ण उठला होता तरी क्लच अजून पकडत नव्हता, तेवढ्यात मी रेस दिली, आरपीएम वर गेले आणि मग क्लचनं एकदम धरलं. म्हणजे पाय आणि क्लच यांच्यामध्ये उशीर होता. त्यात बाई म्हणत होत्या थंडीत जास्त होतं, आणि ब्रेक ऑइल थंडीत दाट होतं, बारीक जागेतनं जायला वेळ लावतं. मला तिथंच अंदाज आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेडल दाबलं की मास्टर सिलेंडर ऑइल ढकलतो, ते पाइपातनं गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलेंडरला जातं आणि स्लेव्हचा रॉड क्लचचा फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दांडा, ढकलतो. पाय सोडला की तेच ऑइल उलट परत येतं. कंपनीनं या रस्त्यात, स्लेव्हच्या जरा अलीकडं, बोटाएवढा एक धातूचा तुकडा घातलाय, क्लच डिले व्हॉल्व्ह. दाबताना ऑइल मोकळं जातं, परत येताना मात्र बारीक छिद्रातनंच यावं लागतं. कुणी पाय धाडकन सोडला तरी क्लच हळूच धरावा, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलला हिसका बसू नये, हा हेतू. हेतू चांगला आहे मान्य, पण ज्याचा पाय तयार आहे त्याचा अंदाजच चुकवतो हा तुकडा. आणि बाईंचा पाय तर आमच्या सगळ्यांपेक्षा तयार.

जुनं क्लच किट जातं आणि नवीन बसतं, पण हा व्हॉल्व्ह पाइपात असतो, त्याला कोण हात लावत नाही.

मी बाईंना गाडीखाली बोलावलं आणि काढलेला व्हॉल्व्ह दाखवला. कमी प्रेशरची हवा एका बाजूनं मारली, मोकळी गेली, दुसऱ्या बाजूनं मारली तर नुसता सूं आवाज. बाई बघत राहिल्या, मग म्हणाल्या, परत दाखवा.

काही लोक व्हॉल्व्ह काढून पाइप सरळ जोडतात, चालतं तसं, पण मग पाइप त्याच्या क्लिपमध्ये नीट बसत नाही आणि लोंबणारा पाइप मला आवडत नाही. मी दुसऱ्या भंगार गाडीचा व्हॉल्व्ह घेऊन आतला अडथळा ड्रिल करून काढला, बाहेरचं अंग तेच ठेवलं. इथं घाई करायची नाही, धातूचा एक कीस आत राहिला तर स्लेव्हचं सील फाडतो, त्यामुळे क्लीनरनं धुवायचं, हवा मारायची, उजेडाला धरून बघायचं, परत धुवायचं. बाईंचा मूळ व्हॉल्व्ह पिशवीत घालून त्यांच्याच हातात दिला, उद्या गाडी विकायची झाली आणि परत बसवायचा म्हटलं तर असावा.

खरी कसोटी एअर काढायची, म्हणजे पाइपातल्या ऑइलमधले हवेचे बुडबुडे घालवायची. या गाडीत नुसतं पेडल मारून एअर पूर्ण निघत नाही, पेडल खालीच पडून राहतं, हातानं वर ओढावं लागतं. मी डॉट ४ ब्रेक ऑइल घालून टाकीला प्रेशर ब्लीडर, म्हणजे दाबानं ऑइल ढकलणारा पंप, लावतो, दाब दीड बारच्या आत. मग स्लेव्हचे दोन नट काढून तो खाली घेतो, निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, वरच्या बाजूला धरतो आणि निपल उघडून रॉड हातानं पूर्ण आत दाबतो. वरच्या कोपऱ्यात अडकलेला बुडबुडा तेव्हा निघतो. निपल बंद केल्याशिवाय रॉड सोडायचा नाही, आणि स्लेव्ह खाली असताना पेडलला कुणी पाय लावायचा नाही, पिस्टन उडून बाहेर येतो. त्या पोराला मी गाडीच्या दारापाशी उभं केलं होतं, कुणी आत बसू नये म्हणून.

टेस्टला बाईंनाच चालवायला दिली, मी शेजारी. राउंडअबाउटमधनं बाहेर पडताना दुसरा टाकला, कळलं पण नाही. तिसरा, परत दुसरा, परत तिसरा. मला वाटलं खूश होतील. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि रागानं म्हणाल्या, मी शिकवणी पूर्ण सोडणार नव्हते, आठवड्यातनं दोन दिवस चालू ठेवणार होते, या पायापायी सोडली. मला काय बोलावं सुचेना.

गॅरेजात आल्यावर मी सांगितलं की हा बदल इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, इथं न कळवलेल्या मॉडिफिकेशनवरनं क्लेम अडवतात. ते त्यांनी केलं. मग त्यांनी विचारलं, त्या गॅरेजकडनं पैसे परत मागायचेत, तुम्ही लिहून द्याल का? इथं २०१५ चा कन्झ्युमर राइट्स अॅक्ट आहे, काम वाजवी काळजीनं आणि कौशल्यानं झालं नाही तर ग्राहक दाद मागू शकतो. मी लिहून दिलं. झटका कशानं होता, तो कसा ओळखला, काय बदलल्यावर गेला, आणि साध्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कळण्यासारखं होतं, हेही लिहिलं.

बाईंना अजून एक वाक्य हवं होतं, की क्लच बदलायची गरज नव्हती. ते मी लिहिलं नाही. जुनी क्लच प्लेट आणि फ्लायव्हील त्या गॅरेजनं बाईंना दाखवलं नाही, परतही दिलं नाही. प्लेट झिजली असेल, नसेल, मी बघितलेली नाही. मी कुणाचा क्लच बदलला की जुने पार्ट खोक्यात घालून डिकीत ठेवतो, गिऱ्हाइकानं फेकले तरी चालेल, पण त्याचे त्याला मिळाले पाहिजेत. तिथं तेवढं केलं असतं तर आज हो किंवा नाही, काहीतरी एक ठामपणे लिहिता आलं असतं.

बाईंना वाटतं मी धंद्यातल्या माणसाला सांभाळून घेतोय. दोनदा समजावलं, पटलेलं नाही. पत्र गेलंय, उत्तर यायचंय, आणि त्या अधूनमधून फोन करून विचारतात की ते वाक्य आता तरी घालता का.