बोंडूसाठी शिवलेली वाकळ

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरात सर्वांत जास्त वेळ ज्या भेटीला लागला, ती आमच्या कुत्र्यासाठी होती. दोन जुन्या सुती साड्या, मुलीचा एक न धुतलेला कुर्ता आणि दहा-बारा संध्याकाळी एवढ्या भांडवलावर मी बोंडूसाठी वाकळ शिवली. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात, गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या बागायतीत नीरो म्हणजे काजूच्या फळांचा रस काढण्यासाठी गोळा केलेल्या काजूच्या बोंडूंच्या ढिगाशेजारी हे पिल्लू सापडले. त्याचा रंगही तसाच पिवळट-तांबूस, त्यामुळे नाव शोधावे लागले नाही.

त्याला दिवाळीला भेट देण्याची कल्पना मात्र माझी नव्हे. आमच्या वाड्यावर भाड्याने राहणारा आणि एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारा एक नेपाळी तरुण काही वर्षांपूर्वी नरक चतुर्दशीच्या सकाळी झेंडूची माळ घेऊन आमच्या अंगणात आला आणि ती त्याने बोंडूच्या गळ्यात घातली. त्यांच्याकडे पाच दिवसांचा तिहार असतो. पहिला दिवस कावळ्यांचा, दुसरा कुत्र्यांचा. या दुसऱ्या दिवसाला ते कुकुर तिहार म्हणतात. त्या दिवशी पाळीव कुत्र्यांना आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही टिळा लावतात, माळ घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात, कारण कुत्रा हा यमाचा दूत मानला जातो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही यमाच्या चार डोळ्यांच्या दोन कुत्र्यांचे वर्णन आहे, आणि नरक चतुर्दशीला यमतर्पण करण्याची प्रथा आपल्याकडेही आहे. म्हणजे ज्या पहाटे गोव्यात गावोगावी नरकासुराचे पुतळे जाळले जातात, कारीट फोडले जाते आणि घरोघरी फोव म्हणजे पोहे केले जातात, त्याच सकाळी नेपाळमध्ये कुत्र्यांची पूजा होत असते. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो, तरी ही गोष्ट मला त्या तरुणाकडून कळावी लागली.

पहिल्या वर्षी मी उत्साहाने एक खोका लाल चकचकीत कागदात गुंडाळला आणि त्याला लाल रिबीन बांधली. बोंडूने तो हुंगला आणि बाजूला ठेवला. कुत्र्यांना रंग दिसतात, पण प्रामुख्याने निळ्या आणि पिवळ्या छटांतले, हे १९८९ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. लाल रंग त्यांना मळकट तपकिरी-करडा भासतो. ती सजावट मी माझ्या डोळ्यांसाठी केली होती. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या सुमारे ५० ते ६० लाख पेशी असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्यांची संख्या २० कोटींच्या पुढे जाते. तेव्हापासून त्याच्यासाठी काहीही करायचे म्हटले की ते त्याच्या नाकाला कसे वाटेल, एवढाच विचार मी आधी करते.

खाऊसाठी मी नाचणीची बिस्किटे करते. एक वाटी नाचणीचे पीठ, अर्धी वाटी उकडून कुस्करलेले रताळे आणि एक अंडे एवढेच जिन्नस. मीठ, साखर, गूळ काहीही नाही. पीठ घट्ट मळून पोळीसारखे जाडसर लाटावे, तुकडे कापावेत आणि १६० अंश सेल्सियसवर अर्धा तास भाजावेत. त्यानंतर ओव्हन बंद करून तुकडे रात्रभर आतच राहू द्यावेत, म्हणजे ते कडकडीत होतात. हा शेवटचा भाग मी पहिल्यांदा गाळला होता. पाऊस नुकताच सरला होता, हवेत दमटपणा होता, आणि चौथ्या दिवशी डबा उघडला तेव्हा बिस्किटांवर हिरवट-करडी लव आली होती. मीठ-साखर नसलेला पदार्थ आपल्या हवेत टिकत नाही, आणि बुरशीतली विषे कुत्र्याला गंभीर आजारी पाडू शकतात, म्हणून संपूर्ण डबा टाकून द्यावा लागला. आता मी थोडीच बिस्किटे करते आणि फ्रीजमध्ये ठेवते.

बोंडूला खरी ओढ असते ती बांगड्याची. बाजारातला सुका बांगडा खारवलेला असतो, त्यामुळे तो कुत्र्याला देण्याजोगा नाही. मी ताजा बांगडा मीठ-मसाला न लावता वाफवते, सगळे काटे बोटांनी चाचपून काढते आणि माशाचे बारीक तुकडे मंद आचेवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास सुकवते. दिवाळीच्या दिवसांत आमच्या घरात मासे शिजत नाहीत, म्हणून हे काम आठवडाभर आधी उरकावे लागते आणि डबा सासूबाईंच्या नजरेआड ठेवावा लागतो. बोंडू मात्र त्या बंद डब्यासमोर शांतपणे बसून राहतो. कोणताही खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त असू नये, हा नियम मी सणाच्या दिवशीही मोडत नाही.

दिवाळीला आणि पुढे नाताळालाही घरात माणसांसाठी जे येते, त्यातले बहुतेक कुत्र्याच्या वाट्याला जाता कामा नये. नेवऱ्यांमधल्या म्हणजे करंज्यांमधल्या मनुका, शेजाऱ्यांकडून येणाऱ्या केकमधले बेदाणे आणि रम, चॉकलेट, कांदा, लसूण हे सगळे त्याच्यासाठी घातक आहे. द्राक्षे आणि मनुकांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी का होतात, याचे कारण त्यांतले टार्टारिक आम्ल असावे, असे पशुवैद्यक २०२१ पासून मानू लागले आहेत. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते. आमच्या हुमणाचे म्हणजे माशांच्या आमटीचे आणि कालवणांचे चिंचेवाचून पान हलत नाही, त्यामुळे ताटातला उष्टा रस्सा-भात कुत्र्याला घालण्याची जुनी सवय आमच्या घरात मी आग्रहाने बंद केली. पाहुण्यांना दुखवायचे नसते, म्हणून बोंडूच्या बिस्किटांची वाटी मी फराळाच्या ताटाशेजारीच ठेवते. मुलांना त्याला काहीतरी भरवायचेच असते, मग त्यांनी तेच भरवावे.

खेळणे करताना मात्र माझ्या हातून मोठी चूक झाली होती. घरात नारळाची सोडणे ढिगाने पडलेली असतात, म्हणून एका दिवाळीला मी काथ्याचा दोर वळून त्याला गाठी मारल्या. बोंडूने दोन दिवसांत त्याचे तंतू चावून गिळले आणि तिसऱ्या दिवशी तो पित्त ओकू लागला. लांब दोरा आतड्यात एका टोकाला अडकला की आतडे त्यावर चुण्यांसारखे गोळा होते आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते, असे डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावले. आमच्या नशिबाने तंतू आखूड होते. ती रात्र मी ओसरीवर त्याच्या शेजारी बसून काढली. हल्ली मी जुन्या सुती लुंगीच्या चार बोटे रुंद पट्ट्या काढून त्यांची वेणी घट्ट वळते, दोन्ही टोकांना त्याच्या तोंडात मावणार नाही एवढी गाठ मारते आणि धागे सुटू लागले की ते खेळणे काढून घेते.

आता वाकळीविषयी. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून बोंडू संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसतो. कुत्र्यांना ओळखीच्या माणसाच्या वासाचे काय वाटते, याविषयी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातील ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जाग्या कुत्र्यांना स्कॅनरमध्ये स्थिर राहायला शिकवून त्यांनी निरनिराळे वास दिले, तेव्हा आनंदाच्या अपेक्षेशी जोडलेला मेंदूचा भाग ओळखीच्या माणसाच्या वासाने सर्वांत जास्त उजळला, आणि ते माणूस त्या वेळी समोर नव्हते. हे वाचून मी मुलीला फोन केला आणि दोन-तीन दिवस वापरलेला, न धुतलेला सुती कुर्ता मागवला. तिने तो घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून रात्रीच्या बसने येणाऱ्या माझ्या भाच्याच्या हाती दिला.

बोंडू पाय ताणून झोपलेला असताना मी टेपने त्याचे माप घेतले आणि साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद असा आकार ठरवला. साड्यांचे जरीचे काठ उसवून काढले, कारण जर नखात अडकते. सासूबाई दारातून पाहत होत्या. “अगो, मनशांक वाकळ शिंवपाक वेळ ना, आनी सुण्याक शिंवता?” असे म्हणून त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळाने चष्मा लावून परत आल्या. माझा धावदोरा लांब पडत होता. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा आणि शिवण कडेने सुरू करून आत आत न्यावी, म्हणजे थर सरकत नाहीत, हे त्यांनी माझ्या हातातली सुई घेऊन दाखवले आणि पहिल्या दोन ओळी स्वतः घातल्या. कुर्ता मी थरांमध्ये शिवून टाकला नाही. वाकळ धुतली की वास जाणार, म्हणून एका कोपऱ्यात खिशासारखी फट ठेवून तो तिथे घडी करून सरकवला. वास विरला की दुसरा मागवता येईल.

नरकासुराच्या रात्रीच्या दोन आठवडे आधीपासून ही वाकळ जिन्याखाली अंथरली, कारण फटाक्यांचे आणि ध्वनिक्षेपकांचे आवाज सुरू झाले की बोंडू तिथेच शिरतो आणि घाबरल्यावर नवी वस्तू कोणालाच आधार देत नाही. या वर्षी तो थरथरला, पण पूर्वीसारखा रात्रभर जमीन खरवडत राहिला नाही. सकाळी अभ्यंगस्नान, तुळशीपुढे कारीट आणि फोव झाल्यावर आम्ही त्याला दही-तांदळाचा टिळा लावला, क्षणभर माळ घातली आणि वाटी पुढे ठेवली. बिस्किटांआधी त्याने बांगडा संपवला.

परीक्षेमुळे मुलगी आली नव्हती. तिने व्हिडिओ कॉल करून त्याला हाक मारली, तेव्हा त्याचे कान उभे राहिले. मी फोन त्याच्यासमोर धरला, पण त्याने पडद्याकडे पाहिलेच नाही. तो उठला, जिन्याखाली गेला, वाकळीच्या त्या कोपऱ्यातल्या फटीत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसून उभा राहिला आणि त्याची शेपटी जिन्याच्या फळीवर वाजत राहिली. मुलगी पलीकडून विचारत होती, “आई, तो गेला कुठे?”