२४ टाक्यांत नारळी काठ

मशीनवर स्वेटर विणते म्हटलं की लोकांना वाटतं बटण दाबलं, चहा प्यायला, स्वेटर तयार. अहो माझ्या मशीनला वायरच नाहीये! जुनं ब्रदर कंपनीचं पंचकार्डवालं, सुयांवरून सरकणारं कॅरेज हाताने इकडून तिकडे ढकलायचं, एकदा ढकललं की एक ओळ. २०० सुया, दोन सुयांमध्ये साडेचार मिलिमीटर. वेग आहे हे खरं, पण काय विणायचं ते कार्डावर भोकं पाडून आपणच सांगायचं, आणि मला खरी मजा तिथेच येते.

कार्डाच्या एका ओळीत जागा २४, बस्स. भोक तिथे दुसरा रंग, भोक नाही तिथे मूळ रंग, २४ संपले की परत तेच. म्हणजे डिझाइन २, ३, ४, ६, ८, १२ नाहीतर २४ टाक्यांतच बसायला हवं, ७ टाक्यांचं फूल कितीही आवडलं तरी बाजूला एक टाका मोकळा सोडून ८ करा. नेटवर चौकटींत काढलेल्या डिझाइनचे ग्राफ ढिगाने मिळतात, त्यातले कितीतरी इथेच बाद.

सध्या डोक्यात पैठणीचा नारळी काठ आहे, ते ओळीने त्रिकोण असतात ना, तो, कार्डिगनच्या खालच्या घेराला. १२ टाक्यांत एक त्रिकोण, कार्डात दोन, हिशोब झकास. पण पायथ्याच्या ओळीत ११ टाके सलग जरीच्या रंगाचे, आणि तेवढा वेळ मूळ रंगाचा धागा मागे नुसता लोंबत जातो. चार-पाच टाक्यांपेक्षा लांब धागा सुटला की घालताना अंगठी, बांगडी, नखं, सगळं त्यात अडकतं. म्हणून त्रिकोणाच्या पोटात मूळ रंगाचे ठिपके टाकले, ३ जरी १ मूळ ३ जरी १ मूळ ३ जरी, वर अरुंद होत जाईल तसे ठिपके कमी. पायथ्याच्या धाग्याचा प्रश्न सुटलाच, वर नुसते त्रिकोण पताकांसारखे दिसत होते ते आता विणीतून आल्यासारखे वाटतात. हे ठिपके मला एरवी सुचले नसते.

दुसरं म्हणजे टाका चौकोनी नसतो, रुंदीला जास्त उंचीला कमी. माझ्या लोकरीला १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके आणि ४२ ओळी येतात, म्हणजे २४ बाय २४ चा ग्राफ विणला की ८ सेंटिमीटर रुंद आणि उंची जेमतेम पावणेसहा. साध्या चौकटीच्या वहीत मोर काढाल तर विणल्यावर बदक निघेल. मी कॉम्प्युटरवर आडव्या चौकटींचा कागद बनवून प्रिंट काढते. आणि हे टाके-ओळी मोजायचे ते नमुना धुऊन वाळवून मगच, मशीनवर खाली वजनं लटकवलेली असतात, त्या ताणलेल्या तुकड्याची मापं घेऊन काय उपयोग.

मग मापं काठाला जुळवायची, काठ मापाला नाही. पाठ ५० सेंटिमीटर हवी होती, १५० टाके, त्यात साडेबारा त्रिकोण, म्हणजे शिवणीवर अर्धा कापला जाणार. १५६ केले तर पाठीला १३ बसतात पण पुढच्या दोन भागांना साडेसहा-साडेसहा, ऐन बटणपट्टीशी अर्धा त्रिकोण, छे! म्हणून पाठ १४४, पुढचे भाग ७२-७२, शिवणीच्या प्रत्येक कडेला एक टाका जास्तीचा, आणि कमी पडलेली रुंदी बटणपट्टीत काढायची. कार्डातली कुठली जागा कुठल्या सुईवर येणार हे मशीनमध्ये ठरलेलं असतं, त्यामुळे पुढचे भागसुद्धा सुया मोजूनच चढवायचे.

बाह्या साध्या ठेवतेय, मनगटाला पाच त्रिकोण फक्त.