तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं जिंकून झाल्यावर पीटर ब्लेक ॲमेझॉनला कशाला गेला?

ऑकलंडला आमच्याकडे पाहुणे आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी त्यांना बंदरावरच्या सागरी संग्रहालयात नेतो. तिथे एनझेडएल ३२ नावाची काळी कुळकुळीत बोट आहे. १९९५ साली हिनेच सॅन दिएगोला ५-० असा अमेरिकाज कप, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतीचा मानाचा चषक, जिंकून न्यूझीलंडला आणला. पाहुणे मान वर करून बघतात, फोटो काढतात, ती मोहीम चालवणाऱ्या पीटर ब्लेक या दर्यावर्दीची हकिकत शेवटपर्यंत ऐकतात, आणि गाडीत बसता बसता कोणीतरी हमखास विचारतं, "अहो, पण सगळं जिंकून झालं होतं ना त्याचं? मग कशाला गेला तिकडे मरायला?"

सिग्नल हिरवा व्हायच्या आत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज सवडीने लिहितो.

आधी माझा अधिकार सांगतो: मला बोट लागते. इथून डेव्हनपोर्टची फेरी दहा-बारा मिनिटांची, त्यातही मी क्षितिजावर नजर खिळवून बसतो. त्यामुळे ज्या माणसाने पृथ्वीला शिडाच्या बोटीतून इतक्या प्रदक्षिणा घातल्या, त्याच्याबद्दल मला जरा जास्तच कुतूहल आहे.

ब्लेक याच बंदराच्या पलीकडच्या काठावर वाढला. जन्म १९४८चा, शिक्षणाने इंजिनिअर, उंची सहा फूट चार इंच. व्हिटब्रेड ही जगप्रदक्षिणेची शर्यत १९७३मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तो ओळीने पाच वेळा त्यात उतरला. पाचव्या वेळी, १९८९-९०मध्ये, स्टाइनलागर २ घेऊन त्याने सहाच्या सहा टप्पे जिंकले. (स्टाइनलागर ही इथली बिअर. पुढच्या बोटीला सफरचंदं निर्यात करणाऱ्यांचं नाव होतं. पैसा उभा करण्यातही गडी पटाईत.)

मला मात्र त्याची तिसरी खेप सगळ्यात आवडते. १९८१. सेरॅमको या बोटीची डोलकाठी पहिल्याच टप्प्यात, भर अटलांटिकमध्ये मोडली. शर्यत तिथेच संपल्यात जमा होती. यांनी उरलेल्या काठीची बुटकी डोलकाठी उभी केली, जमतील तशी शिडं बांधली आणि जवळजवळ ४००० मैल तशीच बोट हाकत केपटाउन गाठलं. तिथे नवी काठी बसवली आणि पुढच्या टप्प्यात ऑकलंडला पोचले.

१९९४मध्ये त्याने रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश दर्यावर्दीबरोबर न थांबता ७४ दिवस २२ तासांत जगप्रदक्षिणा पुरी केली, तो तेव्हाचा विक्रम होता. शेवटी फ्रान्सजवळ असं वादळ गाठ पडलं की बोट उलटू नये म्हणून मागे दोरखंड आणि नांगराची साखळी सोडून तिचा वेग कमी करावा लागला. शर्यत वेगाची, आणि शेवटची धडपड हळू जाण्याची!

आता तुमच्या प्रश्नातल्या 'मग'कडे येतो. तो शब्द मला खटकतो. आधी जिंकला आणि मग त्याला समुद्राचा कळवळा आला, असं त्यात गृहीत आहे. एका काकांनी तर थेट म्हणच ऐकवली, "करून करून भागला आणि देवपूजेला लागला."

पण शर्यतीत माणूस दिवस-रात्र करतो काय? पाळीपाळीने पहारा देतो आणि बघतो. पाण्याचा रंग, ढग, लाटांची दिशा, पक्षी. दक्षिण महासागरात आठवडेच्या आठवडे जमीन दिसत नाही, तिथे सोबत असते ती अल्बट्रॉसची. भटक्या अल्बट्रॉसचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन मीटरच्या वर भरतात. पंख न हलवता, नुसता वाऱ्यावर तोल सांभाळत तो तासन्‌तास बोटीमागे येतो. सुरुवातीच्या शर्यतींत हे पक्षी भरपूर असायचे, पुढे पुढे विरळ होत गेले, असं ब्लेक सांगायचा. कारण लांबच लांब दोऱ्यांची मासेमारी. मैलोन्‌मैल दोरी, तिला हजारो गळ, प्रत्येकाला आमिष. दोरी सोडली की आमिष बुडण्याआधी थोडा वेळ वरच राहतं. पक्षी झडप घालतो, गळ अडकतो आणि दोरीबरोबर तोही खाली जाऊन गुदमरतो. बरं, हा पक्षी दोन वर्षांतून एकच अंडं घालणारा. गेलेल्यांची भरपाई होणार कधी?

हे तीन वर्षांच्या मोहिमेवर आलेल्या शास्त्रज्ञाला दिसलं नसतं. त्याच पाण्यात वीस वर्षं पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला दिसलं. शर्यतीच्या बोटी काही गंगाजलाने धुतलेल्या नसतात, हे मलाही कळतं. पण ती नजर त्याला शर्यतीनेच दिली.

२०००मध्ये ऑकलंडला अमेरिकाज कप राखला आणि तो शर्यतींमधून बाजूला झाला. त्याआधीच, समुद्राचे फ्रेंच संशोधक कूस्तो वारल्यावर, त्यांच्या संस्थेच्या मोहिमांची धुरा त्याने काही काळ सांभाळली होती. ३६ मीटरची ॲल्युमिनियमची एक बोट त्याने घेतली. तिचं पोट असं गोलसर, की बर्फाने दोन्ही बाजूंनी आवळलं तरी ती चिरडत नाही, वर उचलली जाते. नाव ठेवलं सीमास्टर. २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याला विशेष दूत नेमलं. त्याच वर्षी तो आधी अंटार्क्टिकाला आणि नंतर ॲमेझॉनला गेला. चांगलं पाणी तर चांगलं जगणं, पाणी नाही तर जगणंच नाही, इतकं साधं त्याचं म्हणणं होतं.

५ डिसेंबर २००१च्या रात्री, परतीच्या वाटेवर, ब्राझीलमधल्या मकापाजवळ बोट नांगरलेली होती. तोंडं झाकलेले सशस्त्र चोर चढले. ब्लेक रायफल घेऊन पुढे झाला, गोळी झाडली, पण रायफल अडकली आणि त्याच्या पाठीत गोळ्या लागल्या. वय ५३. चोरांच्या हाती लागलं होडीचं एक इंजिन आणि काही घड्याळं. रायफल उचलायला हवी होती का, यावर इथे आजही दोन मतं ऐकू येतात. मी त्या वादात पडत नाही.

बायकोने दिलेले लाल मोजे तो १९९५च्या शर्यतींत शकुनाचे म्हणून घालायचा, आणि तेव्हा सगळ्या देशाने लाल मोजे चढवले होते. तो गेला तेव्हा लोकांनी ते पुन्हा बाहेर काढले. माझ्याकडेही एक जोड आहे, टाचेला विरलेला.

सीमास्टर पुढे फ्रेंचांनी घेतली. आता तिचं नाव तारा. ती आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम अडकून घेऊन वाहत गेली, आणि जगभरच्या समुद्रांतून तिने प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, नमुने गोळा केले.

गेल्या खेपेला भाचीने हे सगळं ऐकून वेगळंच विचारलं, "मामा, अल्बट्रॉस बघायला मिळेल का रे?" मिळेल. डनेडिनजवळ तायारोआ हेडच्या कड्यावर त्यांची वसाहत आहे. डनेडिनहून थेट गाडीने जाता येतं, बोटीत बसावं लागत नाही. मी लगेच हो म्हटलं.